शहर की बेट? समुद्राकाठच्या सुट्टीचा निर्णय मुंबईकराने कसा घ्यावा

मुंबईकराला समुद्राचे अप्रूप उरलेले नसते असे म्हणतात. तरीही सुट्टीचा विषय निघाला की घरोघरी पहिले नाव समुद्राकाठच्याच ठिकाणाचे निघते. मतभेद त्यापुढे सुरू होतो. घरातल्या एकाला सिंगापूर किंवा हाँगकाँगसारखे, बंदराभोवती वाढलेले, चार भाषा कानांवर पडणारे आणि रात्री उशिरापर्यंत जागे असणारे शहर पाहायचे असते. दुसऱ्याला मालदीव, अंदमान किंवा मॉरिशसच्या वाळूवर पाय पसरून काहीही करायचे नसते. मग मोबाइलवरचे फोटो एकमेकांसमोर धरले जातात आणि दोन्हीकडचे पाणी सारखेच निळे दिसत असल्यामुळे शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे ठिकाण ठरते.

आमच्या घरात असे दोनदा झाले आणि दोन्ही वेळा पस्तावण्याची पाळी आली. त्यानंतर आम्ही जो क्रम पाळू लागलो, तोच येथे सविस्तर मांडला आहे. ठिकाणाचे नाव अगदी शेवटी घ्यावे, हे त्याचे सूत्र आहे. आधी महिना पाहावा, मग बरोबरची माणसे, मग प्रत्यक्ष हातात उरणारे दिवस. त्यानंतर एक छोटी परीक्षा घ्यावी आणि मगच पैशांचा हिशेब मांडावा.

पायरी १: महिना

नोकरी आणि शाळा यांच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबाला मोठी सुट्टी तीनदाच मिळते: दिवाळीत, नाताळात आणि एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. बेटांचा चांगला हंगाम या तीन खिडक्यांशी जुळतोच असे नाही, आणि बहुतेक चुका येथेच होतात.

अंदमानचे उदाहरण घेऊ. नैर्ऋत्य मोसमी वारे मुंबईत साधारण ११ जूनला पोहोचतात; अंदमानच्या समुद्रावर मात्र ते मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच दाखल होतात. म्हणजे आपण येथे घामाने निथळत पावसाची वाट पाहत असतो, तेव्हा तिकडे समुद्र खवळलेला असतो आणि बेटांमधल्या बोटी रद्द होऊ लागलेल्या असतात. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ असतो. जानेवारी ते एप्रिल हे अंदमानचे खरे महिने, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे परीक्षा असतात. शाळकरी मुले बरोबर असतील, तर नाताळचे दिवस गर्दी सोसून घ्यावेत किंवा परीक्षा संपल्याबरोबर एप्रिलच्या अखेरीस निघावे. मेच्या उत्तरार्धाचे आरक्षण स्वस्त मिळते म्हणून करू नये.

मालदीवमध्ये साधारण डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत कोरडा हंगाम असतो आणि मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य वाऱ्यांचा काळ. तेथला पाऊस आपल्यासारखा चार चार दिवस ठाण मांडून बसतोच असे नाही, सरी येतात आणि जातातही. पण वारा जोरदार असला की पाणी गढूळ होते आणि ज्यासाठी आपण गेलेलो असतो ते प्रवाळ नीट दिसत नाहीत.

मेच्या सुट्टीला जुळणारी बहुतेक बेटे विषुववृत्ताच्या पलीकडे आहेत. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे मे महिन्यात तेथे हिवाळ्याची सुरुवात होते, किनाऱ्यावर दिवसाचे तापमान २५ अंशांच्या आसपास राहते आणि वादळांचा मोसम, जो मुख्यतः जानेवारी ते मार्च असा असतो, मागे पडलेला असतो. तेथल्या हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावर वारा फार लागतो, म्हणून राहण्यासाठी उत्तर किंवा पश्चिम किनारा निवडावा. मराठी माणसाला मॉरिशस थोडे आपलेसेही वाटते: एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्यांमध्ये आपली माणसे होती, त्यांचे वंशज आजही तेथे आहेत आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. बालीतही एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो. मात्र बालीला मार्चमध्ये जाणाऱ्यांनी न्येपी या दिवसाची तारीख पाहून घ्यावी. हा तेथल्या शक संवत्सराचा आरंभ, त्यामुळे तो बहुधा आपल्या गुढीपाडव्याच्या सुमारासच येतो. त्या दिवशी संपूर्ण बेट मौन पाळते आणि विमानतळसुद्धा २४ तास बंद असतो.

थायलंडच्या बाबतीत तर एकाच देशाची दोन वेळापत्रके आहेत. फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला असल्यामुळे तेथे मे ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि किनाऱ्यांवर पोहण्यास मनाई करणारे लाल बावटे लागलेले दिसतात. कोह समुई थायलंडच्या आखातात असल्यामुळे तेथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. म्हणून मेमध्ये समुई आणि नाताळात फुकेत, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ होते.

शहरांच्या बाबतीत महिन्याचा प्रश्न इतका टोकाचा नसतो. सिंगापूरला बाराही महिने पाऊस पडतो, पण तो तास-दोन तास कोसळून थांबतो आणि तेवढ्या वेळात माणूस मेट्रोत, बाजारात किंवा संग्रहालयात असू शकतो. अपवाद दोन सांगतो. दुबईत मे महिन्यात पारा ४० च्या आसपास किंवा त्याच्याही पुढे असतो, त्यामुळे समुद्राकाठचे शहर असूनही समुद्राकाठी उभे राहवत नाही. हाँगकाँगमध्ये उन्हाळ्यात टायफून येतात आणि आठ क्रमांकाचा इशारा लागला की बोटी, बस, कचेऱ्या सगळेच बंद होते. एरवी पाऊस शहराच्या सुट्टीतला एखादा तास खातो आणि बेटाच्या सुट्टीतला अख्खा दिवस.

पायरी २: माणसे

बरोबर येणाऱ्यांची यादी कागदावर लिहावी आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: गुडघे कसे आहेत, पोहता येते का, आणि जेवणाची पथ्ये कोणती.

गुडघ्यांच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. आजी-आजोबांना बेट बरे, तेथे चालावे लागत नाही, असे लोक सहज म्हणून जातात. चालावे लागत नाही हे खरे. पण हलत्या बोटीतून धक्क्यावर चढावे लागते, आणि तो धक्का म्हणजे मांडव्याची किंवा गेटवेची जेट्टी आहे असे समजून चालावे. ओल्या पायऱ्या, बोट आणि दगड यांच्यातले वर-खाली होणारे अंतर आणि हात पुढे करून उभा असलेला घाईतला खलाशी. मांडव्याच्या बोटीत जी आजी निर्धास्तपणे चढते, तिला बेटावर न्यायला हरकत नाही. शहरात धक्का नसतो, पण पायपीट असते. दिवसाकाठी दहा-बारा हजार पावले कधी होतात ते कळतही नाही. सिंगापूरच्या मेट्रो स्थानकांत लिफ्ट आहेत, बाके आहेत, स्वच्छतागृहे आहेत. हाँगकाँगचा जुना भाग मात्र चढ-उतारांचा आहे.

हृदयविकार, मधुमेहावरचे इन्सुलिन, दमा यांपैकी काही असेल, तर रुग्णालय किती अंतरावर आहे हा पहिला प्रश्न ठरतो. शहरात त्याचे उत्तर मिनिटांत देता येते. दूरच्या बेटावर ते बोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते, आणि रात्री वारा सुटला तर त्यावरही नसते.

पोहण्याविषयी संकोच न बाळगता खरे सांगावे. समुद्राच्या गावात जन्म काढूनही आपल्यापैकी पुष्कळांना पोहता येत नाही, कारण आपला समुद्र पोहण्याचा नव्हेच. जीवरक्षक जाकीट घालून, तोंडात नळी धरून पाण्याखाली पाहणे न पोहणाऱ्यालाही जमते, पण पहिल्याच वेळी खोल समुद्रात तोंडाने श्वास घेताना माणूस घाबरतो. जाण्यापूर्वी दोन रविवार घराजवळच्या तरणतलावात चष्मा आणि नळी लावून उथळ पाण्यात सराव केला, तर तेथले पैसे वसूल होतात. स्कूबाची तोंडओळख साधारण १० वर्षांखालच्या मुलांना करून दिली जात नाही. हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर धक्क्यावर रडारड होते.

जेवणाच्या बाबतीत शहराची बाजू उघडपणे वरचढ आहे. सिंगापूरच्या लिट्ल इंडियात इडलीपासून थाळीपर्यंत सगळे मिळते. दूरच्या बेटावर एकच स्वयंपाकघर असते. तेथे शाकाहारी मंडळींना तिसऱ्या दिवशी पास्ता समोर आला की घरच्या मेतकूट-भाताची आठवण येते. आरक्षणापूर्वीच लेखी कळवले तर बहुतेक ठिकाणी सोय करतात, आणि तरीही खाकरे, चिवडा आणि लोणच्याची छोटी बाटली सामानात असावी.

पायरी ३: हातात उरणारे दिवस

आपण सहा दिवसांची रजा काढतो आणि सहा दिवसांची सहल समजतो. प्रत्यक्षात त्यातून विमानतळ, बोटीची वाट आणि खोली मिळेपर्यंतचे ताटकळणे वजा करावे लागते.

अंदमानला मुंबईहून निघालेले कुटुंब श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला, पोहोचते तेव्हा बहुधा दुपार झालेली असते. तेथे घड्याळ आपलेच, भारतीय प्रमाणवेळेचे. पण बेटे पार पूर्वेला, सुमारे ९३ अंश रेखांशावर असल्यामुळे डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या दिवशी सेल्युलर जेल पाहून होते, आणि ते पाहायलाच हवे. सावरकरांनी १९११ ते १९२१ हा काळ जेथे काढला ती कोठडी पाहताना मुलेही गप्प होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वराज द्वीपची, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकची, बोट पकडावी लागते. खासगी बोटीला दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला त्याहून जास्त, आणि बोट सुटण्यापूर्वी बराच वेळ आधी धक्क्यावर हजर व्हावे लागते. येण्याजाण्याचे सगळे वजा केले, तर सहा दिवसांतले वाळूवरचे दिवस जेमतेम साडेतीन उरतात. म्हणून अंदमानला आठ दिवसांहून कमी रजेत जाऊ नये, असे माझे मत आहे.

मालदीवला विमानप्रवास छोटा आहे, पण पुढे रिसॉर्टपर्यंत स्पीडबोट किंवा सीप्लेन घ्यावे लागते, आणि सीप्लेन फक्त उजेडात उडते. आमचे विमान मुंबईहूनच अडीच तास उशिरा निघाले. मालेला उतरलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि सीप्लेनच्या काउंटरवरच्या मुलीने अतिशय गोड हसून उद्या सकाळची वेळ सांगितली. ती रात्र आम्ही विमानतळाजवळच्या हुलहुमालेतल्या एका हॉटेलात, खिडकीतून पार्किंग पाहत काढली. रिसॉर्टने मात्र त्या रात्रीचे पूर्ण पैसे घेतले, कारण त्यांच्या लेखी आम्ही आलो नव्हतो. तेव्हापासून नियम केला आहे: सीप्लेन असेल तर मालेला दुपारी एकच्या आत उतरणारेच विमान घ्यायचे, नाहीतर स्पीडबोटीने जाता येईल असेच बेट निवडायचे.

शहराचे गणित सोपे असते. सिंगापूरचा विमानप्रवास साधारण साडेपाच तासांचा, घड्याळ अडीच तास पुढे. रात्रीच्या विमानाने गेले की सकाळी उतरता येते. खोली दुपारी दोन-तीनलाच मिळते, पण सामान हॉटेलात टाकून लगेच बाहेर पडता येते आणि तो दिवस हाती लागतो. चार दिवसांच्या रजेत शहर होते. चार दिवसांत बेट करायचे, तर निम्मा वेळ विमानतळ आणि बोटीतच जातो.

पायरी ४: दुपारी दोनची परीक्षा

येथपर्यंत सगळे बाहेरचे प्रश्न झाले. आता घरातला प्रश्न घ्यावा. सर्वांना एकेक चिठ्ठी द्यावी आणि एकमेकांना न दाखवता एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगावे: सहलीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजता तू काय करत असशील?

तिसरा दिवस यासाठी, की पहिले दोन दिवस नवलाईत कुठेही चांगलेच जातात. आणि दुपारी दोन यासाठी, की बेटाची सकाळ आणि संध्याकाळ कुणालाही आवडते. कसोटी लागते ती मधल्या पाच तासांची. उष्ण कटिबंधात अकरा ते चार या वेळात वाळूवर पाय ठेववत नाही. त्या वेळात बेटावर खोली असते, झाडाखालची आरामखुर्ची असते आणि फार तर छोटा तरणतलाव. ज्यांना पुस्तक, झोप आणि निवांतपणा हवा आहे, त्यांच्यासाठी यासारखे सुख नाही. ज्यांना नको आहे, त्यांचे काय होते ते मी पाहिले आहे. स्वराज द्वीपवरच्या एका लाकडी खोलीत आम्ही सहा जण पंख्याखाली बसून बदाम सात खेळत होतो; पत्ते दमट हवेने एकमेकांना चिकटत होते, पुतण्या दर पाच मिनिटांनी मोबाइल खिडकीबाहेर धरून रेंज येते का ते पाहत होता आणि माझ्या मेहुण्याने, ज्याने या सहलीचा हट्ट धरला होता, तिसऱ्यांदा विचारले, की चहा किती वाजता मिळतो. शंभर पावलांवर राधानगरचा तो सुप्रसिद्ध किनारा होता आणि साडेतीन वाजेपर्यंत त्याचा आम्हाला काहीही उपयोग नव्हता.

तीच वेळ सिंगापूरमध्ये कशी जाते? टेक्का सेंटरच्या तळमजल्यावर पंख्यांच्या घरघरीत जेवण चाललेले असते. एका गाड्यावरून बिर्याणी, दुसऱ्यावरून डोसा, तिसऱ्यावरून उसाचा रस, अशी ज्याची त्याची निवड. रिकाम्या टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवलेले दिसले, तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे असे समजायचे. लोकलच्या सीटवर रुमाल टाकणाऱ्या आपल्या माणसांना ही पद्धत शिकवावी लागत नाही. या हॉकर संस्कृतीची नोंद २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत झाली. जेवणानंतर मेट्रोने दोन स्थानके गेले, की एखादे वातानुकूलित संग्रहालय आणि संध्याकाळी पुन्हा समुद्र.

चिठ्ठ्या उघडल्यावर ‘झोपलेला असेन’, ‘वाचत असेन’, ‘काहीच नाही’ अशी उत्तरे बहुमतात असतील, तर बेट निवडावे. ‘बाहेर’, ‘फिरत’, ‘खरेदी’, ‘कुठेतरी खात’ अशी असतील, तर शहर. आणि ‘फोनवर’ असे उत्तर आले, तर त्या मुलाला कुठेही नेले तरी सारखेच.

पायरी ५: पैसा

शहराचा आणि बेटाचा खर्च वेगळ्या तऱ्हेने होतो. बेटावर जवळजवळ सगळा पैसा जाण्यापूर्वीच अडकतो: खोली, बोट, जेवणाची योजना. शहरात तो दररोज थोडा थोडा जातो आणि कमी-जास्त करता येतो. पाऊस पडला, कुणी आजारी पडले, तरी बेटावरचा पैसा परत येत नाही.

मालदीवच्या जाहिरातीत दरापुढे अधिकची दोन चिन्हे दिसली, तर तो दर अपुरा आहे असे समजावे. त्यावर साधारण १० टक्के सेवा शुल्क आणि मग १७ टक्के पर्यटन कर चढतो. हा कर जुलै २०२५ पासून १६ वरून १७ टक्के झाला. म्हणजे १०० डॉलरचे आधी ११० होतात आणि मग १२८ डॉलर ७० सेंट. शिवाय माणशी, दर रात्री हरित कर असतो. रिसॉर्टमध्ये तो २०२५ पासून १२ डॉलर आहे. चार माणसे चार रात्री राहिली, तर नुसता हा कर १९२ डॉलर. सीप्लेनचे भाडेही माणशी असते आणि ते खोलीच्या दरात धरलेले असतेच असे नाही. हे सर्व मिळून अंतिम आकडा लेखी मागावा. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ योजनेतला मोठा हिस्सा मद्याचा असतो. मद्य न घेणाऱ्या कुटुंबाने दोन किंवा तीन जेवणांची साधी योजना घ्यावी.

मालदीवमध्ये स्वस्तातला मार्ग आहे, तो स्थानिक लोकवस्तीच्या बेटांवरचा. माफुशीसारख्या बेटांवर छोटी गेस्टहाऊस आहेत आणि तेथे सार्वजनिक बोटीनेही जाता येते. मात्र तेथे मद्य मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच वावरता येते. माझ्या मते मराठी कुटुंबाला हीच मालदीव अधिक मानवते, कारण संध्याकाळी गल्लीतून फेरफटका मारता येतो आणि दुकानदाराशी बोलता येते.

शहरात खोलीच महाग आणि लहान असते. दोन मोठी आणि दोन मुले एका खोलीत मावतील हे गृहीत धरू नये. जेवण आणि मेट्रो त्यामानाने स्वस्त. खिसा रिकामा करतात ती तिकिटे: प्राणिसंग्रहालय, केबल कार, थीम पार्क, सगळे माणशी. दिवसाला एकच तिकिटाचे ठिकाण, असा नियम केला तर खर्चही आवाक्यात राहतो आणि मुलेही चिडचिडी होत नाहीत.

परदेशात कार्ड वापरताना यंत्राने रुपयांत की स्थानिक चलनात असे विचारले, तर स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण आधी हातातून जातो, म्हणून अंदाजपत्रकात धरावा.

पायरी ६: कागदपत्रे

पारपत्राची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. मुलांचे पारपत्र पाचच वर्षांचे असते आणि ते संपले आहे हे नेमके आरक्षण झाल्यावर लक्षात येते. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो. शिवाय पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड भरायचे असते. हे कार्ड विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. मालदीवमध्ये ३० दिवसांचा व्हिसा उतरल्यावर विनाशुल्क मिळतो, पण पोहोचण्यापूर्वीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ हा प्रवाशाच्या माहितीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. बालीत उतरल्यावर व्हिसा मिळतो आणि २०२४ पासून माणशी दीड लाख इंडोनेशियन रुपियांचा पर्यटक कर वेगळा आहे. आकडा ऐकून घाबरू नये, तो हजार रुपयांच्या आतबाहेर बसतो. हाँगकाँगसाठी पूर्वनोंदणी करावी लागते. देशातल्या देशात लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, तर अंदमानच्या नेहमीच्या पर्यटनस्थळांना भारतीयांना लागत नाही. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहावे.

पायरी ७: बेट ठरले, तर किनारा कोणता

गिरगाव किंवा जुहूच्या माणसाला भरती-ओहोटीची जाण असते. तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या घरांतून अजूनही सांगितले जाते. अष्टमीला सहा, याप्रमाणे. हा हिशेब आपल्या कोकण किनाऱ्याचा आहे, तो परक्या बेटावर लावू नये. शिवाय आपल्याकडे उधाणाच्या वेळी पाणी पाच मीटरपर्यंत चढते, तर मालदीवमध्ये भरती-ओहोटीतला फरक मीटरभराचाच असतो, त्यामुळे तेथे पाणी खोलीच्या पायथ्याशी दिवसभर राहते. अंदमानात फरक बराच आहे. ओहोटीला काही किनाऱ्यांवर प्रवाळाचे खडक उघडे पडतात आणि पाण्यात उतरताच येत नाही. हॉटेलात पोहोचल्यावर पहिला प्रश्न भरतीच्या वेळेचा विचारावा आणि मग जेवणाची वेळ ठरवावी.

लहान मुले किंवा न पोहणारे बरोबर असतील, तर प्रवाळाच्या भिंतीने अडवलेला उथळ, शांत भाग, म्हणजे लगून, समोर असलेली जागा घ्यावी. पोहणाऱ्यांनी किनाऱ्यालगत प्रवाळ असलेले बेट निवडावे, म्हणजे दर वेळी बोटीचे पैसे लागत नाहीत. प्रवाळावर उभे राहू नये, आणि त्याचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

चिठ्ठ्या निम्म्या-निम्म्या निघाल्या, तर

अशा वेळी दोन्ही देणारी ठिकाणे पाहावीत. मलेशियातले पेनांग हे बेटही आहे आणि त्यावरचे जॉर्ज टाउन हे जुने बंदराचे शहरही. तमिळ, चिनी आणि मलय वस्तीच्या या शहराला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथला समुद्र मात्र मालदीवसारखा निळाशार नाही, हे आधीच सांगतो. हाँगकाँगच्या मध्यवर्ती धक्क्यावरून लामा किंवा च्युंग चाऊ बेटावर तासाभरात जाता येते. पारपत्राशिवाय जायचे असेल, तर कोची उत्तम: फोर्ट कोचीतली चिनी जाळी, १५६८ चे ‘परदेशी’ नावाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली विजेवरची वॉटर मेट्रो, आणि तेथूनच लक्षद्वीपच्या अगत्तीचे विमान. परवाना हाती आल्याशिवाय अगत्तीचे तिकीट काढू नये, एवढेच पथ्य.

एकाच सहलीत दोन्ही करताना आधी शहर आणि मग बेट ठेवावे. दमून बेटावर गेलेला माणूस दुपारी दोनची परीक्षा आपोआप उत्तीर्ण होतो. फक्त शेवटची रात्र दूरच्या बेटावर ठेवू नये. बोट रद्द झाली तर विमान चुकते, म्हणून स्वराज द्वीपहून आदल्या दिवशीच श्री विजयपुरमला परतावे. स्कूबा केले असेल, तर पाण्याबाहेर आल्यापासून विमान सुटेपर्यंत किमान १८ तास जाऊ द्यावेत. बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, बोट हलू लागल्यावर नव्हे.

आरक्षणाचा क्रमही ठरलेला असावा. आधी विमानाच्या वेळा पाहून ठेवाव्यात, मग त्या वेळांना पुढची बोट किंवा सीप्लेन मिळते याची रिसॉर्टकडून लेखी खात्री करून घ्यावी, मग विमानाचे पैसे भरावेत आणि शेवटी खोली, शक्यतो रद्द करता येईल अशी. तिकिटावर विमानतळ कोणता आहे तेही वाचावे; डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटतात आणि जाताना सहार, येताना उलवे असे तिकीट स्वस्तात निघू शकते. तसे असेल, तर मध्यरात्री पेंगुळलेल्या मुलांना घेऊन बोरिवलीला पोहोचवणारी गाडी निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी.